रिकामी चकती

११ फेब्रुवारी

छोटे,

सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास लॅबमधल्या यंत्रावर पुन्हा तुझाच आकडा आला. दोनशे अडतीस. तुझा दोनशे एक्केचाळीस होता. एवढा फरक म्हणजे काहीच नाही, हे मी तुला सांगायला नको.

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि पहिल्याच ओळीत कामाचं बोलते आहे, म्हणून तू तोंड वाकडं केलं असशील. कर. पण हा आकडा आला कसा, ते मला तुझ्याकडून कळायला हवं.

तो काढलाय एका नव्या मुलीने. दीड वर्षापूर्वी ती माझ्याकडे पीएच.डी.ला आली. बुटकी, आणि कधीही बघावं तर हातात काहीतरी उचलून लगबगीने चाललेली, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. कामाला वाघ आहे. पण तू गेल्यावर लॅबमधल्या चार जणांनी तुझ्या पद्धतीने पडदे केले, मी स्वतः एकोणीस केले, आणि कुणाचाच आकडा तिशीपलीकडे गेला नाही. मग हिच्याच हातात असं काय आहे?

परवा आईने विचारलं, तुम्ही दोघी बहिणी त्या लॅबमध्ये करत होता तरी काय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, ग्राफीन ऑक्साइड म्हणजे कार्बनचे अतिशय पातळ कपटे. पाण्यात घातले की चहासारखं तपकिरी पाणी होतं. ते पाणी चिनीमातीच्या सच्छिद्र चकतीवरून खाली ओढून घेतलं की कपटे एकावर एक बसतात आणि कागदाच्या गठ्ठ्यासारखा पापुद्रा तयार होतो. तो फाटू नये म्हणून त्यात थोडं पॉलिमर मिसळायचं. मग एका बाजूने मिश्र वायू सोडायचा. हायड्रोजन बारीक, तो थरांमधून निसटतो. कार्बन डायऑक्साइड अडकतो. कार्बन डायऑक्साइडच्या मानाने हायड्रोजन किती पट गेला, तो आपला आकडा. जेवढा मोठा, तेवढा पडदा चांगला.

आई म्हणाली, "मग छोटीचा मोठा आला होता ना?"

मी म्हटलं, "आला होता. खरा नव्हता."

ती उठून आत गेली.

तर सरळ विचारते. या मुलीने तुला गाठलंय का? तू तिला काही पाठवलंयस का, वही, नमुने, काहीही? चौकशीनंतर तुझ्या तीन वह्यांपैकी दोनच परत आल्या होत्या. तिसरी कुठे आहे, ते तू कधी सांगितलं नाहीस.

उत्तर दे.

ताई


१९ फेब्रुवारी

छोटे,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हतीच.

मुंगीने आणखी दोन पडदे लावले. दोनशे चव्वेचाळीस, दोनशे एकतीस. संचालक स्वतः बघायला आले. नवीन माणूस आहे, तुझ्या वेळचा नाही. त्याने तिच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं हे दडवून ठेवलं होतंत होय?" सगळे हसले. मीही हसले.

या आठवड्यात मी लॅबची प्रवेश-नोंद तपासली. मुंगी रोज आठला येते, सहाला जाते, रविवारी येत नाही. मी तिच्या कच्च्या नोंदी मागून घेतल्या आणि यंत्राने छापलेल्या कागदांशी एकेक ओळ ताडून पाहिली. एकही आकडा खाडाखोड केलेला नाही. पण तुझ्याही वहीत खाडाखोड नव्हती, आणि तेव्हा चौकशी समितीसमोर मी म्हटलं होतं की इतकी स्वच्छ वही मला संशयास्पद वाटते. मग आता काय म्हणू?

बुधवारी ती सेमिनारला गेली असताना मी तिचं टेबल आवरत होते. कागद फार साचले होते. त्यात तुझ्या अक्षरातला लिफाफा सापडला.

तुझा 'ळ' अजून तसाच आहे, गाठ मारल्यासारखा. पोस्टाचा शिक्का डिसेंबरचा आहे. म्हणजे तिचा पहिला मोठा आकडा येण्याच्या दोन महिने आधी तुमचं बोलणं झालं होतं.

लिफाफा रिकामा होता. पत्र तिने दुसरीकडे ठेवलं असणार. एवढी काळजी माणूस कधी घेतं?

आईचंही काहीतरी चाललंय. मी घरी शिरले की ती फोन ठेवून देते. काल मी विचारलं, कोणाचा. म्हणाली, "राँग नंबर." राँग नंबरवर कुणी पाऊण तास बोलत नाही. तू कुठल्याशा मास्कच्या कारखान्यात लागलीस, हे मला तिच्याच तोंडून तीन वर्षांपूर्वी निसटलेलं कळलं होतं. त्यानंतर तिने तोंड शिवून घेतलंय.

तुम्ही तिघी मिळून मला कात्रीत पकडताय का? तसं असेल तर निदान तोंडावर सांगा.

ताई


२६ फेब्रुवारी

छोटे,

मागच्या पत्रात मी लिहिलं की टेबल आवरत होते. मी आवरत नव्हते. मी ड्रॉवर उघडला होता, आणि तोही माझ्या किल्लीने. प्रमुखाकडे सगळ्या ड्रॉवरच्या किल्ल्या असतात, म्हणून तो उघडावाच असं नाही, हे मला कळतं.

मुंगीलाही कळलं होतं. काल तिने स्वतःच माझ्या खोलीचं दार वाजवलं.

"मॅडम, माझ्या ड्रॉवरमधला लिफाफा उलटा ठेवला गेलाय."

मी म्हटलं, "आधी दार लाव."

तिने लावलं, पण बसली नाही.

"माझ्या बहिणीशी तुझा काय संबंध?"

"काही नाही. मी त्यांचा प्रबंध वाचला. त्यांच्यावर काय ठपका आला तेही वाचलं. ऑक्टोबरमध्ये मी त्यांना पत्र लिहिलं की पडदा सुकवताना तुम्ही नक्की काय करत होता. दोन महिन्यांनी उत्तर आलं."

"काय उत्तर?"

"सुकवण्याबद्दल एक अक्षर नाही. लिहिलं होतं की या पडद्यांच्या मागे लागू नकोस. आणि लागलीसच, कधी मोठा आकडा आलाच, तर पापुद्रा नसलेली नुसती चकती लावून बघ. आणि..."

"आणि काय?"

"आणि मॅडमना विचारून लावू नकोस. आधी लाव, मग सांग."

मी तिला विचारलं, मग लावलीस का. ती म्हणाली, नाही. का नाही? तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मला भीती वाटली. आकडा इतका छान आला होता."

छोटे, मला तिचा राग यायला हवा होता. राग तुझा आला. माझ्या लॅबमधल्या माझ्या विद्यार्थिनीला तू लिहितेस की मॅडमना विचारू नकोस. सहा वर्षांत मला एक ओळ नाही, आणि या अनोळखी मुलीला हे.

आणि रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती लिहूनच टाकते. रिकाम्या चकतीचं तू तेव्हाही म्हणाली होतीस. यंत्राच्या वेळेचं वेळापत्रक माझ्या हातात होतं. मी म्हटलं होतं की रिकाम्या चकतीतून किती जातं ते पुस्तकात दिलेलं आहे, चारपाच पट, त्यासाठी दोन दिवस फुकट घालवायचे नाहीत. तुला आठवत असेलच.

मी ठरवलंय, सोमवारी ही चाचणी मी स्वतः करणार. मुंगीला हात लावू देणार नाही. म्हणजे काय खेळ आहे तो उघड होईल.

ताई


३ मार्च

छोटे,

काल सकाळी नऊला मी चकती बसवली. नवीन, खोक्यातून काढलेली, पापुद्रा नाही, काही नाही. स्टीलच्या डबीत दोन रबरी कड्यांच्या मध्ये ठेवली, चार बोल्ट आवळले, गळती तपासली. मुंगीला मी समोरच्या स्टुलावर बसवलं होतं, हात मांडीवर ठेवून. तिला ते अपमानाचं वाटलं असेल. तसं वाटावं, हेच मला हवं होतं.

नेहमीसारखा ओलसर वायू सोडला. अकरा वाजता पहिलं वाचन आलं.

हायड्रोजन भरपूर. त्यात नवल नाही, चकती म्हणजे गाळणीच. कार्बन डायऑक्साइड मात्र जवळजवळ शून्य. आकडा दोनशे बावन्न.

नुसत्या चिनीमातीच्या चकतीचा आकडा दोनशे बावन्न. मी परत वाचन घेतलं. मग तिसऱ्यांदा. मग मुंगी स्टुलावरून हळूच म्हणाली, "मॅडम, म्हणजे पडदा काही करतच नाहीये."

मी यंत्राला थेट, ठरलेल्या मापाचा वायू टोचून दिला. यंत्राने कार्बन डायऑक्साइड बरोबर दाखवला. यंत्र चांगलं, चकती रिकामी, तरी वायू कुठेतरी गडप होत होता. डबी आणि यंत्र यांच्यामध्ये.

मध्ये एकच गोष्ट आहे. ओल शोषून घेणारी काचेची नळी. ओलसर वायू तसाच आत गेला तर यंत्र खराब होतं म्हणून ती लावतात. मधली काही वर्षं आम्ही ती काढून टाकली होती आणि कोरड्या वायूवर काम करत होतो. जानेवारीत मुंगीने ओलसर वायूचे प्रयोग सुरू केले तेव्हा तिला ती नळी जुन्या कपाटात सापडली. शेजारीच दाण्यांची बरणी होती. तिने बरणीतले दाणे नळीत भरले.

मी नळीवर हात ठेवला. ती कोमट होती.

ओल शोषणारे दाणे इतके तापत नाहीत. तापतात ते कार्बन डायऑक्साइड गिळणारे. दिसायला दोन्ही पांढरे. मी नळी सोडवली, वायू सरळ यंत्राला जोडला, आणि अर्ध्या तासात रिकाम्या चकतीचा आकडा चार पूर्णांक सहा आला. पुस्तकात आहे तसाच.

मुंगी बरणी घेऊन आली. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर लिहिलंय 'ओल शोषक – वायू नळीसाठी'. अक्षर माझं आहे.

तुझ्या वेळी ती नळी मीच बसवली होती. दाणे मीच भरले होते. कुठून आणले होते ते आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करते आहे. सात आठवडे तुझे आकडे आले आणि मग एकाएकी बंद पडले, ते का, हे आता शाळकरी पोरही सांगेल. दाण्यांचं पोट भरलं. त्यांनी गिळणं बंद केलं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की तू आधीचे आकडे बनवले होतेस.

आज एवढंच लिहवतं.

ताई


१५ मार्च

छोटे,

संचालकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "मॅडम, नव्या मुलीचा लेख अजून कुठे पाठवलेला नाही ना? मग विषय संपला. नळी फेका, पुन्हा मोजा."

मी म्हटलं, "आणि सहा वर्षांपूर्वीचं?"

"ते बंद झालेलं प्रकरण आहे. त्या बाई आता या क्षेत्रातही नाहीत. उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"त्या बाई माझी बहीण आहे."

"म्हणूनच म्हणतो," ते म्हणाले. "घरातलं घरात मिटवा."

मी त्यांच्या टेबलावर अर्ज ठेवून आले. चौकशी पुन्हा उघडावी, तुझ्यावरचा ठपका काढावा, चूक माझ्या हातून झाली आणि ती निव्वळ चूक होती, असं त्यात लिहिलं आहे. त्याची एक प्रत तुला वेगळी पाठवली आहे, मिळाली असेल.

मुंगी चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी आली आणि थेट नवे पडदे करायला बसली. मी विचारलं, बरी आहेस का. म्हणाली, "नाही. पण कपटे भिजत घातले होते, ते वाया जातील." मी तिच्यावर पाळत ठेवली होती, याबद्दल मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि माझ्याजवळच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघितलं. मी तिची किल्ली जुडग्यातून काढून तिच्या हातात दिली.

आईला मी सांगितलं की छोटीने आकडे बनवले नव्हते. ती भाजी चिरत होती. चिरतच राहिली. मग म्हणाली, "मला काय नवीन सांगतेस?"

तिला सहा वर्षं माहीत होतं. तिला दाणे, नळी, काही माहीत नव्हतं. तुला ओळखत होती, एवढंच. आणि माझ्या घरी राहत होती म्हणून गप्प होती. फोन तुझेच असायचे, हेही तिने कबूल केलं. मी म्हटलं, आता दाराआड बोलू नकोस. ती म्हणाली, बघू.

माझ्याच घरात माझी आई मला घाबरून होती, हे मला पंधरा मार्चला कळलं.

तू काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

ताई


३० मार्च

छोटे,

तुझं पत्र आलं. मी ते ऑफिसात उघडलं नाही. घरी आणलं, आईच्या समोर वाचलं, मोठ्याने. शेवटची ओळ तिने कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचली.

तर तुला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तुमच्या कारखान्यात खाणकामगारांच्या मास्कमध्ये हेच पांढरे दाणे भरतात, श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला. पहिल्याच आठवड्यात दाण्यांचा डबा तुझ्या हातात गरम लागला आणि तुला सगळं उमगलं. आणि तरी तू मला लिहिलं नाहीस, कारण तुला वाटलं मी ते मुद्दाम भरले होते. सहा वर्षं मी तुला खोटारडी समजत होते आणि त्यातली तीन वर्षं तू मला त्याहून वाईट समजत होतीस.

तू एकच प्रश्न विचारला आहेस. "ताई, मुद्दाम केलंस का?"

अर्जात मी निव्वळ चूक असं लिहिलं. ते पूर्ण खरं नाही. आता पूर्ण सांगते, आणि एकदाच सांगते.

दाणे मी मुद्दाम भरले नाहीत. भांडारातून बरण्या आल्या होत्या, एकीची पट्टी गळून पडली होती. पांढरे दाणे बघून मी नवीन पट्टी लिहिली आणि चिकटवली. घाईत होते. इथपर्यंत चूक.

तुझे आकडे बंद पडल्यावर, चौकशीच्या दोन दिवस आधी, आपले जुने टेक्निशियन काका माझ्याकडे आले होते. तेच, यंत्राशी बोलत बोलत दुरुस्ती करायचे ते. म्हणाले, "बाई, ती नळी एकदा बघा. दाणे ओलीचे वाटत नाहीत मला. धाकट्या बाईंचा यात दोष नसेल." मी म्हटलं, बघते. ते गेल्यावर मी नळी काढली, कपाटात मागे सारली आणि यंत्राला नवी लाइन जोडली. समिती आली तेव्हा नळी तिथे नव्हतीच. काकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, बघितलं, काही नाही.

मी बघितलं नव्हतं. दाणे हातात घेऊन पाहायला दहा मिनिटं लागली असती.

का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. त्या महिन्यात प्रमुखपदासाठी तुझं नाव पुढे आलं होतं. तुझा दोनशे एक्केचाळीस आल्यापासून मला आतून कोणीतरी सांगत होतं की हे शक्य नाही, हिने काहीतरी केलंय. नळी बघितली असती तर एक तर तू निर्दोष ठरली असतीस आणि चूक माझी निघाली असती, किंवा तुझा आकडा खरा ठरला असता. मला दोन्ही नको होतं. म्हणून मी कपाटाचं दार लावलं. त्यानंतर तू खोटं बोललीस असं समितीसमोर म्हणणं सोपं गेलं, कारण तोपर्यंत माझाही त्यावर विश्वास बसला होता.

गेल्या शुक्रवारी मी हे सगळं समितीला सांगितलं. काकांना बोलावून घेतलं होतं. ते निवृत्त झालेत, कान गेलाय, मुलीचा हात धरून आले. अध्यक्षांनी विचारलं की तुम्ही तेव्हाच वर का कळवलं नाही. काका म्हणाले, "मोठ्या बाई म्हणाल्या बघितलं. त्या बघितलं म्हणाल्या म्हणजे बघितलं असणार."

तुझ्यावरचा ठपका काढला आहे. प्रमुखपद माझ्याकडून गेलं. पुढच्या महिन्यापासून मी फक्त शिकवणार. एक गोष्ट मात्र तुला कुणी गोड करून सांगू नये म्हणून मीच सांगते: तुझा आकडाही गेला. तू प्रामाणिक होतीस, पण तो पडदा तसा नव्हता. मुंगीने नळीविना नऊ पडदे मोजले. सगळ्यात चांगला सव्वीस निघाला. तिने तो सव्वीस तीनदा तपासला, आधी रिकामी चकती लावून, मग फळ्यावर लिहिला. संचालक बघायला आले नाहीत.

संस्थेचं अधिकृत पत्र तुला रजिस्टर पोस्टाने येईल. दुसऱ्या पानावर माझ्याबद्दलचा परिच्छेद आहे. संचालकांनी मसुदा मला वाचायला दिला होता. त्यात एक वाक्य होतं की मुख्य संशोधिकेकडून ही बाब अनवधानाने दुर्लक्षित राहिली.

'अनवधानाने' हा शब्द मी खोडायला लावला.

ताई